गाव कुणी सरकवलं?

—बेचाळीस नाही साहेब, त्रेचाळीस. त्रेचाळीस घरं, एक धान्याचं कोठार, एक विहीर, दोन होड्या, सहा बैल आणि एकसष्ट माणसं — त्यातल्या एका बाईचा हात तुटलाय, पण तो आधीपासूनचा, तो माझ्या नावावर नका टाकू. खोडा ते बेचाळीस. चौकशीच्या कागदात पहिला आकडा चुकला की पुढचं सगळं चुकत जातं, सदऱ्याचं पहिलं बटण चुकावं तसं. मला कसं माहीत? अहो, त्यांच्या छपरांवरची धूळ कोण झटकतं? मीच. रंगाच्या बारीक ब्रशनं, एकेक घर, रोज सकाळी. बसा ना त्या बाकावर, वाळलाय तो. शनिवारी पाणी चढलं होतं तिथपर्यंत, पण आज बुधवार, चार दिवस पंखे चालू आहेत. नाही, मी उभीच बरी. हातात पोछ्याची काठी असली की मला बोलायला सुचतं, रिकाम्या हातानं मी मुकी होते — असं आमचे हे म्हणतात, आणि म्हणूनच घरात केर काढायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलंय.

तर, गाव कुणी सरकवलं. एवढ्यासाठीच आलात ना मुख्य कचेरीतून? लिहा मग — सफाई कामगार, स्त्री, वय सत्तावन्न, हिला काही माहीत नाही. लिहिलंत? झालं तर. मी या संग्रहालयात बावीस वर्षं फरशी पुसते, गावं सरकवणं माझ्या कामात बसत नाही. माझ्या कामात खिडक्या, जिने, सोळा काचेची कपाटं, आणि गेल्या तीन महिन्यांपासून हे नवं दालन, 'नद्या आणि माणूस'. आपलं आपणच सरकलं असेल गाव. हसू नका, सरकतात गावं. आणि कुणाला न्यायचंच असेल उचलून, तर वेळ केवढा लागेल बघा — एका सुपलीत चारच घरं मावतात, म्हणजे अकरा खेपा, कोठाराची वेगळी, बैलांची वेगळी, कारण बैल लवंडतात — मावत असतील. मावत असतील म्हणते मी. अंदाज सांगते. सुपली म्हणजे कुठलीही सुपली हो. असं बघू नका माझ्याकडे. आमचे हेही असंच बघतात, न बोलता, आणि मग मी आपली सगळं ओकून मोकळी. तुम्ही प्रश्न विचारा ना. विचारा, म्हणजे मला नाही म्हणता येईल.

बरं, आधी हे काय आहे ते तरी समजून घ्या. हे समोरचं टेबल बारा फूट लांब, पाच फूट रुंद. त्यात खरी वाळू, खरी माती, आणि बटण दाबलं की खरं पाणी — त्या टोकाच्या डोंगरातून निघतं, दोन वळणं घेतं, या टोकाला जाळीतून खालच्या टाकीत पडतं, आणि टाकीतला पंप ते परत डोंगरावर चढवतो. केलं मातीवाल्यांनी. त्यांचं खरं नाव तुमच्या फायलीत असेल, आम्ही सगळे मातीवालेच म्हणतो. केसांत माती, खिशात माती, चहाच्या कपात माती. पण मी पोछा घेऊन आले की आधी पाय उचलतात आणि मग 'माफ करा' म्हणतात. फरशी पुसणारीला माफ करा म्हणणारी माणसं किती असतात साहेब? मी बावीस वर्षांत तीन मोजली. आणि नकाशा सगळा डॉक्टरबाईंचा. डॉक्टर म्हणजे औषधाच्या नाही, पुस्तकांच्या. बाई रोज इथे उभ्या राहून उद्घाटनाच्या भाषणाची तालीम करायच्या, ऐकायला मी एकटी. तीन महिने ऐकलं. आता झोपेत उठवलंत तरी म्हणून दाखवीन.

म्हणून दाखवू? — नाईल नदी म्हणे दरवर्षी ठरल्या दिवसांत चढायची, शेतांवर पसरायची, आणि उतरताना काळा गाळ ठेवून जायची. माणसानं करायचं काय, तर त्या ओल्या गाळात बी टाकायचं. पाहुणा असावा तर असा — सांगितल्या वेळी येतो, सांगितल्या वेळी जातो, आणि जाताना भरलेली पिशवी इथेच विसरतो. आणि दुसरीकडे त्या दोघी, शेजारी-शेजारी वाहणाऱ्या — एक तैग्रिस आणि दुसरी तिची जाऊ, तिचं नाव माझ्या जिभेवर बसत नाही. त्या दोघी लहरी. पीक कापायला आलं की चढायच्या, आणि पेरायला पाणी हवं तेव्हा तळाशी बसायच्या. मग तिथल्या माणसांनी कालवे खणले, बांध घातले, कालव्यातला गाळ दरवर्षी उपसला — आणि शंभर माणसं गाळ उपसायला लागली की काठावर उभं राहून ओरडायला एकशे एकावा लागतोच. तिथून राजा निघाला. बाई म्हणतात, मावशी, एवढं सरळ नाही ते. असेल. पण आमचे मोठे साहेब बघितलेत ना तुम्ही? मला तरी पटलं. मग कोठारात कुणी किती धान्य टाकलं ते लक्षात राहीना, म्हणून ओल्या मातीवर खुणा करायला लागले, ती लिहिण्याची सुरुवात. म्हणजे तुम्ही आत्ता माझ्यावर जे लिहिताय, तेही मूळ नदीचंच. मी विचारलं, बाई, म्हणजे हे सगळं उभं आहे ते गाळावर? बाई म्हणाल्या, अगदी बरोबर मावशी! घ्या. ज्याच्यावर दुनियेतली शहाणी माणसं उभी राहिली, ते मी बावीस वर्षं पुसून मोरीत ओततेय.

बाईंचं सगळं पटलं मला. पटलं नाही ते एकच — त्यांनी गाव बसवलं ती जागा. हे बघा, इथे नदी वळते ना? वळणाला दोन अंगं असतात. आतलं अंग आणि बाहेरचं अंग. पाणी पळत येतं आणि थेट बाहेरच्या अंगावर आदळतं, तिथली माती खातं. आतल्या अंगाला पाणी हळू असतं, तिथे वाळू, गाळ टाकत जातं. काठाला खडक असेल तर बाहेरच्या अंगालाही बसा खुशाल, होडी दाराशी लागते. पण माती असेल तर नाही. माझे वडील उन्हाळ्यात नदीच्या वाळूत खरबुजं लावायचे, त्यांनी मला अक्षर शिकवलं नाही पण हे शिकवलं — नदी आतल्या अंगाला देते आणि बाहेरच्या अंगानं घेते. आणि बाईंनी त्रेचाळीसच्या त्रेचाळीस घरं बाहेरच्या अंगाला मांडलेली, अगदी काठावर, रांगेत. का? तर कठडा त्या बाजूला आहे. बघणारे लोक त्या बाजूला उभे राहणार. लोकांना घरं जवळून दिसायला हवीत! नदीनं वळायचं कुठे ते कठड्याला विचारून?

तरी मी काही बोलले नव्हते. मातीवाले पाणी सोडायचे ते दहा मिनिटं, तेवढ्यात काय कळणार. पण सोमवारी संग्रहालय बंद असतं, मी एकटीच येते, घासूनपुसून घ्यायला. एका सोमवारी मी बटण दाबलं — आता दाबलं तर दाबलं, पाण्याचा आवाज असला की काम भराभर होतं — आणि दोन तास चालू राहिलं. येऊन बघते तर काठ खालून पोखरलेला. वरून सगळं जागच्या जागी, आणि खालून उंदरानं साबण कुरतडावा तसं. दुसऱ्या सोमवारी परत दोन तास लावलं. तिसऱ्या रांगेपर्यंत भेग. म्हटलं, गेलं हे. उद्घाटनाला मंत्री येणार, भाषणं होणार, आणि बरोबर टाळ्यांच्या वेळी एकसष्ट माणसं पाण्यात.

मग सांगितलं ना! आधी मातीवाल्यांना. ते म्हणाले, दिसतंय मलाही, पण मी नकाशाचा नोकर, बाईंना सांगा. बाईंना सांगितलं. बाई गोड हसल्या, खांद्यावर हात ठेवला, म्हणाल्या, "मावशी, हे प्रतीकात्मक आहे." असेल बाई प्रतीकात्मक. पण पाणी प्रतीकात्मक नव्हतं ना, नळाचं होतं! मग मोठ्या साहेबांकडे गेले. त्यांनी फायलीतून मानही वर केली नाही. म्हणाले, "तुम्ही कोपरे बघा." मी म्हटलं, कोपराच बघून आलेय साहेब, नदीचा. म्हणाले, "या तुम्ही." आले मी.

बस्स, एवढंच. त्यानंतर काय झालं ते मला ठाऊक नाही. सोमवारी मी फरशी पुसली आणि घरी गेले, मंगळवारी मोठ्या साहेबांनी सगळ्यावर चादर घालून ठेवायला सांगितली, शुक्रवारी पाट्या लावणारे आले. त्यांनी चादरीचं एक टोक उचललं, नकाशा बघितला, नकाशात गाव जिथे होतं तिथे पाटी रोवली — 'सुरुवातीची वस्ती' — वर दिवा लावला आणि गेले. गाव त्यांनी बघितलंच नाही. पाटी लावणाऱ्याला गावाशी काय करायचंय? शनिवारी चादर ओढली, मंत्र्यांनी बटण दाबलं, पाणी सुटलं, टाळ्या. बाईंची पाठ नदीकडे, तोंड पाहुण्यांकडे. हात मागे करून म्हणतात, "आणि इथे, या काठावर, आपल्या पूर्वजांनी पहिल्यांदा घर बांधलं!" मंत्री बघतायत — काठावर एक पाटी, तिच्यावर लखलखीत दिवा, आणि बाकी नुसती वाळू. त्यांनी शेजाऱ्याला हळूच विचारलं, "घर कुठाय?" शेजारी म्हणाला, "फार जुनी गोष्ट आहे साहेब, राहिलं नसेल." अहो, खरंच म्हणाला. मी खांबामागे उभी होते, पदर तोंडात कोंबून.

बाईंचं झालं, मग मोठे साहेब उभे राहिले. मोठ्या साहेबांचं भाषण म्हणजे तुम्हाला सांगायला नको. पाऊण तास. आणि पाणी चालूच. मग भप् करून आवाज आला — अख्खा काठ खाली बसला, पाटीसकट. पाटी तरंगत निघाली, वळणावर एकदा अडखळली, सरळ झाली आणि ऐटीत जाऊन जाळीवर आडवी बसली. पाणी जायला वाट नाही आणि पंप तर ढकलतोय. टेबलाच्या कडेवरून पाणी खाली, गालिच्यावर, पहिल्या रांगेच्या बुटांत. मंत्री खुर्चीवर चढले. मोठे साहेब 'बंद करा, बंद करा' ओरडतायत, पण माईक हातातच, त्यामुळे आवाज रस्त्यापर्यंत. शेवटी मीच गेले, पाटी उपसली, पंपाची वायर ओढली. आणि मंत्री खुर्चीवरून खाली बघत म्हणाले, "सगळं बुडालं, ते पलीकडचं गाव तेवढं कोरडं आहे!" तेव्हा कुठे सगळ्यांनी पलीकडे बघितलं. आतल्या अंगाला शेतं, शेतांच्या मागे उंचवटा, आणि उंचवट्यावर त्रेचाळीस घरं. एक छप्पर ओलं नाही.

आता एवढं बघून लोकांना कौतुक वाटायला हवं की चौकशी लावायला? ... हं? काय म्हणालात? ... मातीवाल्यांचं नाव काळ्या यादीत? का? ... परवानगीशिवाय बदल केला म्हणून? यापुढे कुठल्याच संग्रहालयाचं काम नाही? अहो, त्या माणसाला दुसरं काही येत नाही! मातीशिवाय त्याला घरात चैन पडत नाही, जेवताना भाताचे डोंगर करतो म्हणे, सून तक्रार करते. थांबा. पेन खाली ठेवा. नाही — उचला. उचला आणि लिहा. मी सरकवलं. मी, एकटीनं, सोमवारी सकाळी नऊ ते दुपारी एक, कचऱ्याच्या सुपलीनं. धुतलेल्या सुपलीनं, तेही लिहा. आधी ओल्या वाळूचा उंचवटा केला, थापून थापून, कारण आतलं अंग सखल असतं, पूर तिथेही येतो, तिथे शेतं ठेवायची आणि आपण मागे उंचावर राहायचं. विहीर जवळ घेतली. कोठार सगळ्यात वर. मग घरं नेली. माणसं शेवटी, ओंजळीतून. झालं? आहे निवृत्तीला तीन वर्षं, नसली तर नसली.

का म्हणजे? सांगितलं ना का ते, बुडलं असतं म्हणून. ... हो, मातीचं गाव. मला माहितीये मातीचं होतं. कुणी मरणार नव्हतं. एवढी नोकरी पणाला लावण्यासारखं त्यात काय होतं, असंच ना?

मी लग्न होऊन गेले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. सासरचं घर नदीकाठी. सगळे कौतुकानं म्हणायचे, नशीबवान आहेस, पाणी दाराशी. मी दुसऱ्या दिवशी मागचं दार उघडलं आणि बघितलं — वळण, आणि आम्ही बाहेरच्या अंगाला, आणि काठ मातीचा. मी सासूबाईंना म्हटलं, हळूच. नवी सून किती मोठ्यानं बोलणार? त्यांनी जेवताना मामंजींना सांगितलं. मामंजी भला माणूस हो, मला कधी एका शब्दानं बोलले नाहीत. पण हसले. म्हणाले, "सूनबाईला पाण्याची भीती वाटते." मग सगळे हसले, आणि मीही हसले. बाईमाणसाला ते लवकर जमतं. मग मी काय करायची, दर वर्षी पाऊस संपला की मागच्या दारापासून काठापर्यंत पावलं मोजायची. पहिल्या वर्षी चाळीस. मग सदतीस. मग एकतीस. कुणाला सांगितलं नाही, एकदा हसले होते ना सगळे. सातव्या वर्षी नऊ पावलं होती. त्या पावसाळ्यात, भर दुपारी, आधी गोठा गेला, मग स्वयंपाकघराची भिंत, मग अख्खं घर — आवाज फार मोठा नसतो साहेब, भप् एवढाच. जनावरं सोडली होती आम्ही, माणसं सगळी बाहेर होती. कुणी गेलं नाही. माझं शिवणयंत्र गेलं, सासूबाईंची ट्रंक गेली. मामंजी रस्त्यावर गाठोड्यावर बसले होते. मला जवळ बोलावलं. मला वाटलं म्हणतील, तू बरोबर होतीस. ते म्हणाले, "तू बोलली होतीस ना? मग मोठ्यानं का नाही बोललीस?"

रागानं नाही म्हणाले. रागानं म्हणाले असते तर मी विसरले असते.

नको, पाणी नको, पाण्याचंच तर बोलतोय. ... मी ठीक आहे. तर त्या दिवशी मोठे साहेब 'कोपरे बघा' म्हणाले ना, तेव्हा मी जिना उतरताना परत हसले. सवयीनं. आणि मधल्या पायरीवर थांबले. म्हटलं, बाई गं, तू परत हसतेयस. मग माझा आवाज तर काही वाढत नाही या वयात, म्हणून सुपली उचलली.

आणि हे बघा, मातीवाल्यांचा यात काडीचा संबंध नाही. ते सोमवारी इथे नव्हतेच, दाढ काढायला गेले होते. मंगळवारी आले, गाल हा असा सुजलेला. चादर घालायच्या आधीची गोष्ट. टेबलापाशी उभे राहिले, बघतायत, बघतायत. मी तिकडे त्याच खिडकीची काच चौथ्यांदा पुसतेय. एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं रागावले, नंतर कळलं, तोंड उघडत नव्हतं. मग खाली बसले, पिशवीतून डिंकाची बाटली काढली आणि एकेक घर उचलून, खाली डिंक लावून, परत तिथेच — म्हणजे — डिंक नका लिहू. साहेब, ते खोडा. डिंक माझा होता. मीच लावला. माझ्याकडे असतो डिंक. का म्हणजे, असतो. चप्पल तुटते माझी.

हा कसला कागद? चष्मा नाहीये माझ्याकडे, तुम्हीच वाचा. ... 'मी स्वतः'... 'कुणालाही न विचारता'... 'सोमवारी एकट्याने'— कुणी लिहिलंय हे? मातीवाल्यांनी? रविवारीच देऊन गेले? खोटारडा म्हातारा! सोमवारी दातांच्या दवाखान्यात तोंड उघडून बसला होता तो, चिठ्ठी असेल तिथली! आणि तुम्हाला हे माहीत होतं? कागद खिशात ठेवून माझं एवढं ऐकून घेतलंत? वा. तुमच्या घरचे पण म्हणत असतील, बघतो नुसता, न बोलता. ... काय मावशी काय? हो, हसतेय. पण हे हसणं निराळं आहे, हे लिहायचं नाही.

फाडा तो कागद. माझाच ठेवा. माझा खरा आहे. ... डॉक्टरबाई? त्या काल आल्या होत्या. मला वाटलं आता हजेरी घेणार. तर त्या इथे फरशीवर मांडी घालून बसल्या, टेबलाच्या कडेला डोळे लावून, आणि म्हणाल्या, मावशी, परत एकदा सांगा, आतलं अंग कुठलं? मी पंपाची वायर परत जोडली, बटण दाबलं, दाखवलं. मग म्हणाल्या, सिंधूच्या काठची ती जुनी शहरं खणून काढली, तिथेही लोकांनी विटांचे मोठे चौथरे बांधून वर घरं बांधलेली सापडली, पुराच्या वर. आणि म्हणाल्या, "मावशी, हे मी स्वतः लिहिलंय. माझ्याच पुस्तकात, तिसऱ्या प्रकरणात." मग त्यांनाच हसू आलं. म्हणाल्या, चार देशांतल्या नद्यांवर वाचलं, पण नदीत पाय घालून कधी उभी राहिले नाही. मी म्हटलं, त्यात काय बाई, मी उभी राहिले पण वाचलं नाही, आपल्या दोघींची मिळून एक शहाणी होते. गाव आता आहे तिथेच राहणार. त्या कठडा हलवून घेतायत. मोठ्या साहेबांना त्यांनीच सांगितलं, आणि मोठ्यानं सांगितलं — खाली जिन्यापर्यंत ऐकू आलं. काठ परत बांधायला मातीवाल्यांना बोलवा म्हणाल्या, दुसरं कुणी नको.

मग आता तुम्ही काय लिहिणार? ... लेखी ताकीद? एवढंच? आणि मातीवाले? ... खोडलंत? दाखवा. हं. मला वाचता येत नाही चष्म्याशिवाय, पण खोडलेलं दिसतं. द्या, सही करते. कुठे, इथे? ताकिदीच्या दोन प्रती पाठवा, एक मला घरी लावायचीय. आमच्या ह्यांना वाटतं मी इथे नुसती फरशी पुसते.

अजून काय? ... चौकशीतलं नाही? मग? ... फोटो? आणा, लांब धरा जरा. अरे वा, घर बांधताय. पायाची आखणी पण झाली, चुना टाकलेला दिसतोय. छान मोकळी जागा आहे. ही नदी का? दाराशीच आहे हो. बायकोला आवडली असेल. ... तिनंच निवडली? ... पुढचा फोटो आहे का? वरून काढलेला? ... हं. नदी कुठून येते, इकडून? बोट ठेवा. आणि वळते इथे. म्हणजे तुम्ही... काठ कसला आहे, खडक लागला का कुठे? सगळी मऊ माती. खणायला सोपी, हो, खणायला सोपीच असते. आणि हा खांब, तारेच्या कुंपणाचा, हा असा हवेत का लोंबतोय? कुंपण घातलं तेव्हा त्याच्याखाली जमीन होती? ... केव्हा घातलं? ... दोन वर्षांपूर्वी.

साहेब, तो चौकशीचा कागद घाला पिशवीत. पाया कधी खणताय? ... उद्या सकाळी? उठा. उठा म्हणते ना, फोन हातातच आहे, बायकोला लावा. बाहेर जाऊन लावा, इथे आवाज घुमतो. काय सांगायचं ते मी काय सांगू, तुम्ही शिकलेले आहात. तिनं नाही म्हटलं तर परत लावा. डावीकडून जा, उजवीकडची फरशी ओली आहे.